भाविकाची पिकअप आणि काळा धूर

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "शुभदा, तुझी शिट्टी पाणी तापायच्या आधीच होते." असेल. पण भाविकाच्या पिकअपच्या धुरावरून मी जो संताप केला, तो कणभरही जास्त नव्हता. उलट थोडा कमीच पडला.

भाविका म्हणजे माझी पिकअपवाली. इंद्रलोक वसाहतीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्याला माझा गाळा आहे, तिथे मी केटरिंग करते. मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, साठी, जे म्हणाल ते. स्वयंपाक माझा आणि तो हॉलवर पोचवणार भाविका. तिच्या आधी मी टेम्पोवाले बघितलेत. एक तंबाखू मळायला दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढायचा. दुसऱ्याने स्पीडब्रेकरवर गाडी अशी उडवली, की अख्ख्या साखरपुड्याची कढी ताडपत्रीने प्यायली. भाविका आल्यापासून माझ्या पातेल्यातून आमटीचा थेंब सांडलेला नाही. दोन पातेल्यांच्या मध्ये ती ओलं गोणपाट घालते, झाकणं सुतळीने उलटसुलट आवळते, आणि वळण असं घेते की मागे बसलेल्या वाढपी बायकांना डुलकी लागते.

दिसायला काडी. आवाज इतका बारीक की समोरच्याने कान पुढे करावा. कोणी काही बोललं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकून घेणार. मी म्हणायचे, "अगं, उलटून बोल की! तोंड काय फक्त जेवायला दिलंय?" ती हसायची नुसती. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

ती राहते जवळच्याच गोडदेव गावात, सासरी. जुनं आगरी घर. एके काळी मिठागरं होती, भात होता. आता चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये ह्यांचं कौलारू घर आणि अंगण. घरात सासू जिजाबाई. तरुणपणी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेली बाई, मान अजून ताठ. दिवसभर ओटीवर बसलेली, पण बोलणं मोजकं. मोठा दीर कुलदीप वेगळा निघाला, सिल्व्हर पार्कला फ्लॅट घेऊन राहतो आणि फ्लॅटच विकतो. इस्टेट एजंट. भाविकाचा नवरा रोशन गल्फमध्ये क्रेन चालवतो, सुट्टीला कधीतरी येतो, एरवी मोबाइलच्या पडद्यावर.

पिकअप रोशनने घेतलेली. तो परत गल्फला गेल्यावर अंगणात उभी राहून तिच्या टायरांना चिरा पडायला लागल्या. कुलदीपने एक ड्रायव्हर आणला, तो कधी उगवायचा, कधी नाही. शेवटी भाविका म्हणाली, "मीच शिकते." घरात सगळे हसले. ही शिकली. मोकळ्या मैदानात विटा मांडून रिव्हर्स शिकली, लायसन्स काढलं, आणि दारोदार हिंडून कामं मिळवली. माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "चालवणार कोण?" ती म्हणाली, "मी." मी म्हटलं, "ये उद्यापासून."

नाक्यावरच्या टपरीपाशी पोरंटोरं आणि त्यांचे बापसुद्धा तिच्याकडे टकामका बघायचे. बाई आणि पिकअप! जसं काही म्हैसच झाडावर चढली. एकदा मी गाडीतून उतरून एकाला विचारलं, "काय रे, तुझ्या आईला कधी काम करताना बघितलं नाहीस का?" भाविका म्हणाली, "काकू, राहू दे ना." तिचं आपलं राहू दे.

तर दसरा झाला. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. आणि त्यानंतर गाडी धूर सोडायला लागली.

आधी थोडा. गाडी भरलेली असली आणि चढ लागला की मागून काळा भपका. रिकामी असली की बरी. मग भपका वाढला, आणि गाडीची ताकद गेली. पूर्वी जो फ्लायओव्हर ती गाणं गुणगुणत चढायची, तिथे आता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची. आमच्या सोसायटीच्या गेटची पांढरी भिंत धुराने काळी झाली. सेक्रेटरी गुणवंतभाई खाली उतरून म्हणाले, "शुभदाबेन, ये गाडी अंदर नहीं चलेगी. छोटे बच्चे लोग खेलते हैं." मी खूप भांडले त्यांच्याशी, पण खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते. नाकात बोट घातलं तर बोट काळं निघायचं.

भाविकाने गाडी जितेंद्रच्या गॅरेजला नेली. गोडदेव रोडला त्याचं गॅरेज आहे, रोशनचा शाळेतला मित्र. तिच्याबरोबर मीही गेले, कारण ही एकटी गेली की नुसती मान डोलावून येईल. जितेंद्रने रेस दिली, मागे जाऊन धूर बघितला आणि गुरुजींसारखं समजावायला लागला. "बघा मॅडम, धुराचा रंग बोलतो. पांढरा असेल तर इंजिनात पाणी जातंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. आणि काळा असेल तर डिझेल जास्त जातंय. म्हणजे डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले."

बदलले इंजेक्टर. धूर तसाच.

"मग पंप असणार," जितेंद्र म्हणाला. पंप उतरवला, कुठेतरी सेटिंगला पाठवला, परत बसवला. तोवर माझी कामं भाड्याच्या टेम्पोने, परत त्या तंबाखूवाल्याच्या! पंप बसला. धूर तसाच, उलट थोडा जास्तच.

मी विचारलं, "अहो, त्या हवेच्या फिल्टरचं काय? माझ्या भाच्याच्या गाडीचा तो चोंदला होता." जितेंद्रने डबा उघडला, फिल्टर काढला, हातावर आपटला. धूळ पडली नाही. "एकदम क्लीन आहे, मॅडम. हे घ्या, बघा." मी बघितला. खरंच स्वच्छ होता. भाविका मात्र तो हातात घेऊन उलटापालटा करत राहिली. "एवढा स्वच्छ कसा?" ती हळूच म्हणाली. "आपल्याकडे तर महिन्यात मातीने भरतो." जितेंद्रने ऐकलंच नाही. ऐकेल कसा, तो मोठ्याने बोलत होता ना! "भाविका, खरं सांगू का? तू हाफ क्लच चालवतेस, पाय क्लचवरच ठेवून. लेडीज लोकांची सवय असते. इंजिनावर लोड येतो." आणि हात पुसत आत गेला.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. सापडत नाही तर 'सापडत नाही' म्हणावं माणसाने. त्यात काय कमीपणा आहे? माझी पुरणपोळी फाटली तर मी डाळीला दोष देते, का खाणाऱ्याला? पण नाही. धुराचं कारण मिळेना म्हणून बाईवर खापर फोडायचं. आणि एकदा त्या गॅरेजमधून 'हाफ क्लच' हा शब्द बाहेर पडला तो गोडदेवभर झाला. ज्यांनी जन्मात गिअर बदलला नाही ते तिला क्लचबद्दल सांगायला लागले. एक तर म्हणाला, "ताई, रॉकेल मिक्स करतेस का?" रॉकेल! आजकाल रॉकेल मिळतं तरी का कुठे?

मग तो मुंजीचा दिवस आला. मीरा रोडला हॉल, सकाळचा मुहूर्त. गाडी मसालेभात, मठ्ठा, जिलबी, सगळ्यांनी भरलेली. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी जवळजवळ थांबली. मागे काळा ढग, त्याच्या मागे हॉर्नचा कल्लोळ. भाविकाचे ओठ पांढरे पडले होते, पण तिने गाडी बंद पडू दिली नाही. कण्हत कण्हत वर काढली आणि उतरवली. जेवण वेळेत पोचलं. मठ्ठासुद्धा सांडला नाही.

पण शेजारून जाणाऱ्या एका बाइकवाल्याने व्हिडिओ काढला. स्टिअरिंगवर भाविका, मागे धूर, आणि वर त्याचा आवाज, "देखो देखो, दीदी का धुआँ!" वर हसणं. दुपारपर्यंत तो व्हिडिओ गोडदेवच्या ग्रुपवर. कोणीतरी खाली लिहिलं, 'चूल सोडून स्टिअरिंग धरलं की असंच होणार.' आणि त्याला अंगठे किती! अंगठे देणाऱ्यांत तिच्याच घरी जेवून गेलेले लोक होते. मी नावं वाचली आहेत, मला पाठ आहेत.

संध्याकाळी मी पातेली आणायला गोडदेवला गेले तर अंगणात कुलदीप. परीटघडीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. भाविका तुळशीपाशी उभी, ओढणीचं टोक बोटाला. जिजाबाई ओटीवर सुकी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, निवडत बसलेल्या.

"लोक मला फोन करून विचारतायत," कुलदीप ओरडत होता. "क्लायंट विचारतायत, ये आपके घर की लेडीज है क्या? इज्जत आहे का नाही आपल्याला? इंजिनाची वाट लावलीस तू. गाडी चालवणं म्हणजे भाकऱ्या थापणं नाही!"

मी म्हटलं, "कुलदीप, तू थापून दाखव एक भाकरी."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका. हा घरचा मॅटर आहे. रोशनने गाडी जमीन विकल्याच्या पैशातून घेतलीये, घरची आहे. रविवारी येतो, चावी घेऊन जातो. मी ड्रायव्हर ठेवून चालवतो. हिने घरात बसावं." मग आईकडे वळून म्हणाला, "काय आई, बरोबर ना?"

जिजाबाईंनी मान वर केली. भाविका त्यांच्याकडेच बघत होती. मी तो चेहरा विसरणार नाही. म्हातारीने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि परत करंदी निवडायला लागली. 

रात्रीच्या जेवणाआधी भाविकाने नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. रोशन म्हणाला, "देऊन टाक ना दादाला. कशाला कटकट? मी पाठवतो ना घरखर्च." बस्स. ही विटा मांडून रिव्हर्स शिकली, हिने लोकांच्या नजरा झेलल्या, दारोदार जाऊन कामं जमवली, त्याला ह्याच्या लेखी नाव काय, तर कटकट! तो समोर असता तर त्याच्या क्रेनलाच त्याला टांगला असता मी.

"तू काय म्हणालीस मग?" मी विचारलं.

"काही नाही."

"धन्य आहे बाई तुझी!"

ती सुतळी आवळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "काकू, गाडी गेली की मी त्या घरात काय? भांडी घासणारी. माझ्या हातात दुसरं काय आहे?" एवढं लांबलचक ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मी तो सगळा राग आनंदीवर ओरडून काढला.

आनंदी माझ्याकडे स्वयंपाकाला असते. ओरडायला कारणही होतं. सकाळपासून मोठ्या शेगडीवर पातेल्यांची बुडं काळीकुट्ट होत होती, आणि ज्योत निळी सोडून पिवळी. "गॅस वाढवून ठेवला असशील!" मी म्हटलं. आनंदी म्हणाली, "वहिनी, गॅस तेवढाच आहे." मी शेगडी बंद करून आडवी केली. तर बर्नरच्या खाली जी हवा घ्यायची भोकं असतात ना, त्यांत तांदळाचं पीठ जाऊन घट्ट बसलेलं. आदल्या दिवशी मुंजीशिवाय मोदकांचीही एक ऑर्डर होती, तेव्हाचं.

"हे बघ," मी आनंदीला म्हटलं, "गॅस तेवढाच आहे, पण हवा कमी. हवा मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि काजळी धरतो." आणि काडीने भोकं टोकरायला लागले.

भाविका हातातली सुतळी टाकून उभी राहिली.

"काकू, परत सांगा."

"काय परत सांगा?"

"गॅस तेवढाच, हवा कमी."

ती बाहेर धावली. गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून परत आली, पातेल्याच्या बुडाला दुसरं बोट फिरवलं, आणि दोन्ही बोटं माझ्यासमोर धरली. सारखीच काजळी. "जितेंद्रभाऊ म्हणाले डिझेल जास्त. पण डिझेल तेवढंच असेल आणि हवाच कमी असेल तर? तरी काळाच येणार ना धूर?"

"पण फिल्टर तर स्वच्छ आहे."

"तेच तर! हवा आली तर धूळ येणार ना. फिल्टरपर्यंत काही पोचतच नाहीये."

मला तेव्हा जितेंद्रचा असा राग आला म्हणून सांगू. काळ्या धुराची दोन कारणं, आणि ह्या शहाण्याने आम्हाला सांगितलं एकच. डिझेल जास्त! हवा कमी हे कोणी सांगायचं, माझ्या शेगडीने?

भाविकाने बॉनेट उघडलं. "काकू, तुम्ही वर बसा आणि मी सांगेन तेव्हा ॲक्सिलरेटर दाबा." मी साडी सावरत त्या उंच सीटवर चढले. खाली सोसायटीच्या बायका बघत होत्या. बघा म्हटलं. मी दाबला. मागे काळा भपका. मग भाविकाने फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून झाकण उघडं केलं आणि ओरडली. हो, ओरडली! "दाबा!" मी दाबला. इंजिन असं गरजलं की गुणवंतभाई गॅलरीत आले. मी मान वळवून मागे बघितलं. धूर नाही. एवढासुद्धा नाही.

झाकण लावलं, धूर. झाकण काढलं, स्वच्छ. म्हणजे अडचण डब्याच्याही अलीकडे. हेडलाइटच्या मागे एका जाड काळ्या पाइपचं तोंड असतं, गाडी तिथून हवा ओढते. बाहेरून दिसत नाही. भाविकाने गाडी बंद करायला लावली आणि त्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. मला वाटलं मेलेला उंदीर निघणार.

निघाली पुरचुंडी. हिरव्या कापडाची, ओलीगच्च, काळ्या दोऱ्याने बांधलेली. तिने परत हात घातला. आणखी एक, पहिल्यापेक्षा मोठी. मग तिसरी. पाइपचं तोंड बुचासारखं भरलं होतं.

मी एक सोडली. आत जाडं, करडं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या. मीठ पाणी धरून लगदा झालेलं. दृष्ट काढतात तसलं सगळं.

"कोणी केलं हे?" मी किंचाळले. "कोणी करणी केली? तो टपरीवाला असणार! का तो कुलदीप?"

भाविका कापडाकडे बघत होती. "आईंचं लुगडं आहे हे," ती म्हणाली. "आणि मीठ आमच्या आगरातलं. बरणीत शेवटचं उरलेलं. ते त्या कोणाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

मग तिने जोडत जोडत सांगितलं. रोज सकाळी ती बॉनेट उघडून पाणी-ऑइल बघते आणि ते तसंच उघडं ठेवून घरात जाऊन आपला डबा, बाटली घेऊन येते. तेवढ्यात म्हातारीने ठेवली असणार. पहिली दसऱ्याला. गाडी धुरायला लागली तशी म्हातारीला वाटलं, दृष्ट आणखी जबर आहे, म्हणून दुसरी, जास्त मिठाची. पंप बसवून आली तरी धूर, म्हणून तिसरी. धूर वाढला की मीठ वाढलं, आणि मीठ वाढलं की धूर.

मला हसावं का रडावं कळेना, पण राग मात्र नेमका कळला. "म्हणजे त्या दिवशी अंगणात तो तुला नाही नाही ते बोलत होता, आणि ह्या बाईला माहीत होतं की आपण गाडीत काहीतरी कोंबलंय! आणि करंदी निवडत बसली!"

"त्यांना काय माहीत, पाइप कसला आहे ते."

"पाइप गेला खड्ड्यात! तोंड तर आहे ना त्यांना?"

 भाविकाने तिन्ही पुरचुंड्या पेपरात गुंडाळल्या. तशीच फ्लायओव्हरवर गाडी घेऊन गेलो, पातेल्यांत पाणी भरून. टॉप गिअरमध्ये चढली. मागे आकाश निळं.

रविवारी ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही चला. तुमच्यासमोर निघालंय ते." मी तर पदर खोचून तयारच होते.

कुलदीप आधीच आला होता. फाटकाशी त्याने ठरवलेला ड्रायव्हर उभा. चावी खिळ्यावरून काढून कुलदीपने हातात घेतलीसुद्धा होती. भाविकाने ओटीवर पेपर उघडला. तीन पुरचुंड्या. जिजाबाईंचा चेहरा कागदासारखा झाला. भाविकाने आपल्या बारीक आवाजात सगळं सांगितलं: पाइप, हवा, काजळी, झाकण काढून बघितलं ते. कुठे चढवून नाही, कोणाला टोचून नाही.

कुलदीप हसला. "आई, तू पण ना! कमाल करतेस." मग चावी बोटात फिरवत म्हणाला, "चला, बरं झालं. गाडी ठीक झाली. मी घेऊन जातो."

माझा कानांवर विश्वास बसेना. "अरे, लाज आहे का काही? इंजिनाची वाट लावली म्हणून गाडी घेत होतास ना? इंजिनाला धाडही भरलेली नाही! मग आता कशाला घेतोस?"

"काकू, आज हे निघालं, उद्या दुसरं काही होईल. बाईमाणसाला कशाला ती झंझट? चांगली चालतेय तोवर माझ्याकडे चालू दे."

म्हणजे बिघडली तर तिने बिघडवली म्हणून घ्यायची, आणि सुधारली तर चांगली आहे म्हणून घ्यायची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओटीवरून आवाज आला.

"कुलदीप, चावी ठेव खाली."

जिजाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "मीठ गाडीसाटी न्हाय ठेवलं मी. हिच्यासाटी ठेवलं. नाक्यावर समदे हिच्याकडं बगतान, मना भ्या वाटायचं. तुजे गाडीत मी कवा ठेवलं का? रोशनचे गाडीत ठेवलं? हिच्या ठेवलं. ही नसंल तर मना ती गाडी कशाला? ठेव चावी."

"आई, अगं पण..."

"ठेव म्हनलं ना! गाडी तिची हाय. रोशनला पन मी सांगन."

कुलदीपने चावी ओटीवर टाकली. फाटकाशी उभा असलेला ड्रायव्हर मोबाइलमध्ये बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता ही वाकून सासूच्या पाया पडणार आणि दोघी रडणार. 

भाविकाने चावी उचलली. पाया पडली नाही.

"आई," ती म्हणाली, "दादा मला अंगणात बोलत होते तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. मी तुमच्याकडे बघत होते."

"सांगितलं तर गुन जातो ना पोरी," जिजाबाई म्हणाल्या. "माजी सासू सांगायची. ठेवायचं आनि बोलायचं न्हाय."

"गुण गेला असता तर गेला असता. मिठाचं राहू दे, ही चांगली चालवते, एवढं तरी म्हणायचं. मीठ मला कधी दिसलंच नाही, आई. तुम्ही गप्प बसलेल्या मात्र रोज दिसत होतात."

आवाज तोच, बारीक. पण आम्हा सगळ्यांना अगदी फाटकापर्यंत ऐकू गेला.

"बोलले ना मी आता," म्हातारी कळवळून म्हणाली.

"आता गाडी धूर सोडत नाही, आई. सोडत होती तेव्हा बोलायचं होतं."

जिजाबाई मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. भाविका आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली, त्यांच्या हातात दिलं आणि त्या पिईपर्यंत पाठीला हात लावून उभी राहिली. पण बोललेला शब्द तिने मागे घेतला नाही.